दोनशे कलमं आणि एक आवाज

देवराव गणवीर चौतीस वर्षं खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते, आणि या चौतीस वर्षांत त्यांना विजेचा एकही झटका बसला नाही. तो बसला निवृत्तीनंतर, नरखेड तालुक्यात, स्वतःच्या वावरात, स्वतःच्याच हातानं ओढलेल्या तारेचा.

तार रानडुकरांसाठी होती. सौर पॅनलवर चालणारी झटका मशीन, तिला जोडलेली तार, आणि तारेला शिवलं की जनावर दचकून पळणार, अशी योजना होती. डुकरांनी तारेखालची माती उकरून रस्ता केला आणि ती आरामात आत गेली. नेमकी कुठून गेली हे बघायला देवराव वाकले आणि त्यांचं कपाळ तारेला टेकलं. शेजारच्या वावरातून नत्थूजी धोतर सावरत धावत आले.

"काय झालं गा देवराव?"

"काही नाई," देवराव जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाले. "मशीन चालू हाय का ते पाहून राहिलो होतो."

"मंग? हाय का चालू?"

"हाव. एकदम फस्क्लास."

नत्थूजींनी मनातल्या मनात हिशेब केला. ते सत्तरीचे होते, त्यांची संत्र्याची बाग तीस वर्षांची होती, आणि नोकरीतून निवृत्त होऊन शेती करायला आलेल्या माणसांना त्यांनी पुष्कळ बघितलं होतं. अशी माणसं साधारण दोन उन्हाळे टिकतात, असा त्यांचा अंदाज होता. देवरावांचा दुसरा उन्हाळा अजून यायचा होता, म्हणून ते थांबले होते.

देवरावांनी हे वावर घेतलं त्यामागे फार मोठं गणित नव्हतं. त्यांच्या वडिलांनी याच तालुक्यात, याच शिवारात, आयुष्यभर लोकांच्या बागेतली संत्री तोडली. छप्पन सालच्या दसऱ्याला ते चालत नागपूरला गेले, दीक्षा घेतली, परत आले आणि पुन्हा लोकांच्या बागेत शिडीवर चढले. पुढं पोरं झाली तेव्हा ती शिडी त्यांनी पोरांना धरू दिली नाही, शाळेत घातलं. देवराव शिकले, वीज केंद्रात लागले, नागपूरच्या नंदनवनात घर बांधलं, मुलाला, प्रशिकला, इंजिनिअर केलं. या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली होती. गणवीरांच्या घरात आजवर जे संत्रं खाल्लं गेलं, ते एकतर विकत आणलेलं होतं किंवा मालकानं दिलेलं. आपल्या झाडाचं संत्रं कसं लागतं, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. देवरावांना ते खाऊन बघायचं होतं. बस्स, इतकंच.

त्यांनी अडीच एकर घेतली आणि दोनशे बहात्तर कलमं लावली. संत्र्याला खरं फळ पाचव्या वर्षी येतं. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसानं पाच वर्षांनी फळ देणारं झाड लावणं ही अंजनाबाईंच्या मते एक प्रकारची उद्धटपणाची गोष्ट होती.

अंजनाबाई म्हणजे देवरावांच्या पत्नी. त्यांची ओळख करून देण्याची खरं तर गरज नसते. त्या स्वतःच ऐकू येतात. लग्न होऊन खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा त्यांचा आवाज चारचौघींसारखा होता. पण नवरा आठ तास बॉयलरच्या घरघराटात काढून घरी येई आणि पुढचे चार तास त्याला काही ऐकू येत नसे. "भाजीत मीठ बराबर हाय का?" हा प्रश्न पहिल्या वर्षी दोनदा विचारावा लागे, पाचव्या वर्षी पाचदा. मग अंजनाबाईंनी पाचही वेळांचा जोर एकदाच लावायला सुरुवात केली. देवरावांच्या कानांनी तो आवाज तीस वर्षांत असा घडवला की कॉलनीत त्या एका प्रशिकला हाक मारीत आणि तीन वेगवेगळ्या ब्लॉकमधून तीन प्रशिक खाली येत. नंदनवनात राहायला आल्यावर शेजाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या. ते धुळीसाठी आहे, असं सगळे म्हणत.

तर अशा या अंजनाबाईंनी बागेला पहिल्या दिवसापासून विरोध केला. त्या वावरात एकदाही गेल्या नव्हत्या. पहाटे पाचला उठून देवरावांचा डबा मात्र भरून देत, आणि डबा देताना बोलत.

"लोकं रिटायर होऊन देश फिरून राहिले, अन् हे रोही हाकलून राहिले!"

आता रोही म्हणजे नीलगाय. निसर्गानं घोडा करायला घेतला, अर्ध्यात गाय आठवली, आणि शेपूट कोणाचं लावायचं यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही, तसं हे जनावर दिसतं. नर अंगानं निळसर काळा, उंचीला माणसाएवढा. वाघ दिसला की गावात गाड्या येतात, टीव्हीवाले येतात, वाघाला नाव ठेवलं जातं आणि त्याची आई कोण हेही छापून येतं. रोही रोज येतो आणि त्याला कोणी विचारत नाही. तो कोवळी पालवी खातो, मग शिंगाला खाज सुटली की कलमाच्या खोडाला शिंग घासतो, आणि दीड वर्ष वाढवलेलं कलम कडाककन मोडतं. रानडुकराची तऱ्हा वेगळी. ते पाला खात नाही. कलमाच्या बुडाशी ओल असते, त्या ओलीत गांडुळं असतात, आणि डुकराला गांडूळ हवं असतं. गांडुळासाठी ते मुळासकट कलम उलथून ठेवतं आणि पुढं जातं.

देवरावांच्या वावराला लागून झुडपी जंगलाची टेकडी होती. म्हणजे पाहुण्यांना यायला रस्तासुद्धा ओलांडायला लागत नसे.

पहिल्या वर्षात एकेचाळीस कलमं गेली. देवराव सांगत नव्हते, पण अंजनाबाईंनी त्यांच्या जेवणावरून ओळखलं. ज्या दिवशी कलम मोडे त्या दिवशी ते दुसरी भाकर घेत नसत.

"किती गेले?" त्यांनी एकदा सरळ विचारलं.

"एकेचाळीस."

"उरले किती?"

"दोनशे एकतीस."

 अंजनाबाईंनी लगेच निकाल दिला. "येत्या वर्षीच्या दसऱ्याले मी स्वतः येऊन मोजीन. दोनशेच्या खाली गेले असले तं वावर विकाचं. तुम्ही इथं घरात बसाचं, विहारात जाचं, नातवाले शाळेत सोडाचं. कबूल?"

"कबूल," देवराव म्हणाले. एकतीस कलमांची सवलत त्यांना त्या वेळी बरीच वाटली.

तिथून पुढं त्यांनी जे जे करता येईल ते केलं. वावराभोवती जुन्या साड्या बांधल्या, कारण वाऱ्यानं फडफडणारं कापड बघून जनावर बिचकतं म्हणतात. साड्या अंजनाबाईंच्याच होत्या, आणि गाठोडं घाईत उचलल्यामुळं त्यात प्रशिकच्या लग्नातली मोरपंखी साडीही गेली. रोह्यानं ती अर्धी चघळली. उरलेली अर्धी देवरावांनी विहिरीमागं पुरली आणि साडी कपाटातच कुठंतरी असेल, या मुद्द्यावर ते आजही ठाम आहेत. मग कोणी सांगितलं की माणसाच्या केसांच्या वासाला डुक्कर घाबरतं. देवराव नंदनवनातल्या सलूनमधून पोतंभर केस घेऊन एसटीनं नरखेडला गेले. कंडक्टरनं विचारलं पोत्यात काय आहे, त्यांनी खरं उत्तर दिलं, आणि पुढच्या दोन सीट रिकाम्या झाल्या. केस बांधावर टाकले त्याच दिवशी वारा सुटला आणि निम्मे नत्थूजींच्या चहात पडले.

शेवटी प्रशिकनं बापाला एक भोंगा आणून दिला. बाभळीवर टांगायचा, बॅटरीवर चालणारा, मोबाइलशी आपोआप जोडला जाणारा. मोबाइलवर जे वाजेल ते भोंग्यातून साऱ्या शिवाराला ऐकू जाई, आणि एकदा भरून ठेवलं की मोबाइल नसतानाही वाजत राही. देवरावांनी त्यावर कुत्र्यांचं भुंकणं लावलं. डुकरं आठ दिवस आली नाहीत. नवव्या दिवशी आली, आणि गावातला खरा कुत्रा भोंग्याखाली बसून त्यांच्याकडे मायेनं बघत असलेला नत्थूजींनी पाहिला.

जानेवारीत आकडा दोनशे चौदावर आला.

त्या जानेवारीतल्याच एका संध्याकाळी, सूर्य टेकडीमागं गेला होता पण उजेड होता, अशा वेळी डुकरांचा अख्खा कळप तारेखालून आत आला. एक डुकरीण, तिची सात पिल्लं, मागं तीन दांडगे नर. देवराव विहिरीच्या कठड्यावर उभे होते. त्यांनी कुत्री लावायला मोबाइल काढला. चष्मा घरी राहिला होता. नेमका त्याच वेळी अंजनाबाईंचा आवाजी संदेश येऊन पडला, आणि देवरावांचं बोट त्याच्यावर पडलं.

भोंगा बोलू लागला.

"अजी! कुठी हा तुम्ही? फोन काहून नाई उचलून राहिले? शुगरची गोळी डब्यातच हाय अजून! ओला टॉवेल पलंगावर टाकून गेले, त्याले काय बुरशी आणाची हाय? सिलेंडर बुक केलं का म्हणून विचारलं तं हाव म्हणाले, अन् तो सिलेंडरवाला म्हणते बुकिंगच नाई! आता मी काय नंदनवनात चूल मांडू?"

पहिल्या वाक्याला डुकरिणीनं मान वर केली. गोळीपर्यंत सातही पिल्लं तिच्या पोटाखाली जमली. टॉवेल आला आणि तीन दांडग्या नरांनी शेपट्या सरळ आभाळाकडे केल्या. सिलेंडरपर्यंत वावरात एकही डुक्कर नव्हतं. संदेश एक मिनिट सत्तेचाळीस सेकंदांचा होता. उरलेला भाग फक्त देवरावांनी आणि टेकडीनं ऐकला.

नत्थूजी बांधावर येऊन उभे राहिले. आधी त्यांनी विहिरीमागं, मग बाभळीमागं डोकावून पाहिलं.

"वहिनी आल्या का?"

"नाई. नागपूरलेच हाय."

"तिथून?" नत्थूजींच्या आवाजात आदर होता.

दुसऱ्या दिवसापासून कुत्री बंद आणि अंजनाबाई सुरू. रोज दिवस मावळताना भोंगा लागे आणि मध्ये मध्ये थांबत पहाटेपर्यंत तेच बोलत राही. फेब्रुवारीत एकही कलम गेलं नाही. मार्चमध्ये गारपीट झाली, नत्थूजींचा बहर झडला, देवरावांच्या कलमांची पानं फाटली, पण जनावर फिरकलं नाही. अंजनाबाईंसमोर गारपिटीचाही जोर कमी पडला, असं गावात बोललं जाऊ लागलं. नत्थूजींनी संदेश मागून घेतला आणि आपल्या बागेतही भोंगा टांगला. त्यांच्याकडून तो पलीकडच्या वावरात गेला, तिथून आणखी पुढं, आणि उन्हाळा लागेपर्यंत पाच वावरांतून रोज संध्याकाळी ओल्या टॉवेलची चौकशी होऊ लागली.

ही गोष्ट देवरावांनी घरी सांगितली नाही. सांगायचं त्यांनी अनेकदा ठरवलं. पण "तुझ्या आवाजाला डुकरं घाबरतात" हे वाक्य कसंही फिरवून म्हटलं तरी ते ऐकणाऱ्याला नीट लागत नाही. त्यांनी "तुझा आवाज शेतीच्या फार उपयोगाचा आहे" असं करून पाहिलं, तेही आरशासमोर, आणि सोडून दिलं.

आणि मग पावसाळ्यात एक जुनीच गोष्ट पुन्हा घडली. जनावरांना सवय झाली. जूनमध्ये दोन कलमं गेली, जुलैत पाच. ऑगस्टच्या शेवटी आकडा दोनशे तीनवर होता. सप्टेंबरात आणखी दोन गेली. दोनशे एक. देवराव आता एका भाकरीवरही अडखळू लागले.

"दसरा कशाले?" अंजनाबाई एका सकाळी म्हणाल्या. "दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाचं असते, पाहुणे असते. मी या शनिवारीच येऊन मोजते. तुम्ही व्हा पुढं."

देवरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. त्यांना आकड्याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती बाभळीवर टांगलेली होती.

शनिवारी अंजनाबाई एकट्या नरखेडच्या गाडीत चढल्या. हातात छत्री, पिशवीत डबा. खिडकीजवळच्या सीटवर एका माणसाचं पोतं बसलं होतं आणि तो माणूस पोत्याला टेकून डुलक्या काढत होता.

"काहो भाऊ," अंजनाबाई म्हणाल्या, "या पोत्यानं तिकीट काढलं हाय का?"

हे वाक्य त्यांनी त्यांच्या मते हळू म्हटलं. माणूस ताडकन उठला, पोतं खाली गेलं. पण गाडीच्या मागच्या भागात भलतंच काही झालं. काटोलच्या बाजाराच्या गप्पा चालल्या होत्या, त्या एकदम थांबल्या. पाच-सहा माना वळल्या. मागच्या सीटवरून डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी पुढं वाकली.

"अवं बाई," ती अगदी आपुलकीनं म्हणाली, "तुमचा टॉवेल वाळला का वं?"

अंजनाबाईंनी मागं पाहिलं. "कोणता टॉवेल?"

"पलंगावरचा."

"अन् सिलेंडर भेटलं का?" पलीकडून एकानं विचारलं.

"शुगर किती हाय आता भाऊची?" आणखी एकानं.

आयुष्यात पहिल्यांदा अंजनाबाईंना काय बोलावं ते सुचलं नाही. म्हातारीचं नाव गोपिकाबाई होतं. ती उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि काटोल येईपर्यंत तिनं सगळं समजावून सांगितलं. भोंगा, डुकरं, पाच वावरं.

"आमच्या वावरात तं तुम्ही रोज बोलता. आमचे मालक तुमच्या आवाजावर दूध काढाले उठते," ती म्हणाली. "पण एक सांगू का वं? आता डुकरं नाई भेत तुमाले. पहिले भेत होते."

काटोलपासून नरखेडपर्यंत अंजनाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

थांब्यावर देवराव नत्थूजींची मोटरसायकल घेऊन उभे होते. अंजनाबाई उतरल्या, मागं बसल्या. सहा किलोमीटरमध्ये एक शब्द नाही.  बॉयलरचा आवाज अचानक बंद झाला की काय समजायचं असतं, हे त्यांना चौतीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

वावरात पोचल्यावर त्यांनी पिशवी विहिरीवर ठेवली आणि मोजायला लागल्या. प्रत्येक कलमाला छत्रीचं टोक लावून, ओळीनं. देवराव चार पावलं मागं. मोडलेल्या कलमांच्या जागा त्या न बोलता ओलांडत. एका जागी थांबल्या. तिथं देवरावांनी वाळक्या खोडाला सुतळीनं काठी बांधून पाहिली होती, फुटतंय का म्हणून. ते फुटलं नव्हतं. अंजनाबाईंनी सुतळीची गाठ बघितली आणि पुढं गेल्या.

"दोनशे एक," शेवटच्या ओळीत त्या म्हणाल्या. थांब्यापासून बोललेले हे पहिले शब्द. मग म्हणाल्या, "लावा."

"काय लावू?"

"मले. मी कशी बोलते ते मले ऐकाचं हाय."

देवरावांनी संदेश लावला. बाभळीवरून अंजनाबाई अंजनाबाईंशी बोलू लागल्या. गोळी, टॉवेल, सिलेंडर. त्या मान तिरकी करून लक्षपूर्वक ऐकत होत्या. आणि त्याच वेळी टेकडीच्या झुडपांतून निळसर काळा रोही बाहेर आला. मागं दोन माद्या, एक पिल्लू. एरवी ते दिवस मावळल्याशिवाय येत नसत. पण हा आवाज लागला की माणूस घरी जातो आणि वावर मोकळं होतं, इतकं त्यांना आठ महिन्यांत समजलं होतं. अंजनाबाई ही आता जेवणाची घंटा झाली होती.

रोही वीस पावलांवर आला, शेवटच्या ओळीतल्या कलमाची पालवी त्यानं चाखली, मग मान वाकवून शिंग खोडाला लावलं.

कडाक.

"दोनशे," देवराव अगदी हळू म्हणाले. आणि लगेच, "खाली नाई गेले. दोनशेच्या खाली म्हटलं होतं तू."

पण अंजनाबाई ऐकत नव्हत्या. त्या पुढं गेल्या आणि त्यांनी समक्ष आवाज लावला. "ए! निघ! कुठी येऊन राहिला? निघ म्हणते नं!"

रोह्यानं त्यांच्याकडे बघितलं. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. तो चावत होता, चावतच राहिला. अंजनाबाईंनी मदतीसाठी मागं वळून पाहिलं, तर देवराव तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून उभे होते. तेही चावत होते. दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता: हे सगळं ऐकलेलं आहे, थोड्या वेळानं संपेल.

अंजनाबाईंनी एकदा रोह्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग त्यांच्या आत काहीतरी सुटलं.

"कोणाचं खाऊन राहिला रे तू?" त्या छत्री उगारून रोह्याकडे निघाल्या. "या माणसाच्या बापानं सारी जिनगानी लोकाची संत्री तोडली, मालकाले न विचारता एक घरी नाई आणलं! शिडीवरून पडला, पाय मोडला, तरी नाई आणलं! अन् तू फुकटात शिंग घासाले येते? दोन वर्षांपासून मी पहाटे पाचले उठून डबा करून राहिली, ते तुह्यासाठी का? मेल्या झाडाले काठी बांधून बसते हा माणूस, मेल्या झाडाले! त्याले एक संत्रं खाऊन पाहाचं हाय, एक! तेवढंही नाई खाऊ देत तू? लाज नाई वाटत? एवढा मोठा घोडा झाला!"

छत्री फटकन उघडली. रोही दोन पावलं मागं सरला, कान टवकारले, आणि चारही जनावरं टेकडीकडे अशी पळाली की तार कुठं होती ते त्यांना आठवलंही नाही. झटका मशीननं त्यांना जाता जाता आठवण करून दिली.

अंजनाबाई धापा टाकत उभ्या राहिल्या. केसांतून घाम ओघळत होता.

"शिळं झालं होतं ते," त्या म्हणाल्या. "टॉवेल, टॉवेल, टॉवेल! आठ महिने एकच बोलणं लावलं तं कोण ऐकते? तुम्ही ऐकता का?"

 देवरावांनी खर्रा केव्हाच थुंकला होता. बाप शिडीवरून पडला होता ही गोष्ट त्यांनी बायकोला लग्नानंतर एकदाच सांगितली होती, आणि त्यांना वाटलं होतं की तिनं ती ऐकलीच नसेल, कारण त्या वेळी ती स्वतः बोलत होती. त्यांच्या हातात मोबाइल होता. भोंग्यावरचा जुना संदेश त्यांनी कधी बंद केला हे त्यांना आठवत नव्हतं. पण लाल बटण त्यांनी दाबलेलं होतं, आणि मोबाइल सगळं टिपून घेत होता.

त्या रात्रीपासून नवं बोलणं लागलं. पंधरा दिवस एकही जनावर आलं नाही. सोळाव्या दिवशी अंजनाबाई स्वतःहून म्हणाल्या, "आता हेही शिळं होईल. दर शनिवारी नवीन पायजे." नवीन बोलायचं तर नवीन कारण हवं, आणि कारण वावरात येऊन बघितल्याशिवाय सापडत नाही. त्यामुळं त्या दर शनिवारी येऊ लागल्या. आल्या की बांध बघत, विहीर बघत, देवरावांनी आठवडाभरात काय काय चुकवलं ते बघत, आणि बाभळीखाली पाटावर बसून ताजं बोलून जात. पाचही वावरांत ते त्याच संध्याकाळी पोचे. एकदा पिल्लू असलेली रोह्याची मादी नाल्याच्या कडेला उभी दिसली, तेव्हा बाळंतिणीला काय बोलावं म्हणून त्या थांबल्या, आणि नाल्याकडच्या पडीक पट्ट्यावर जनावरांसाठी ज्वारी फेकून पेरायला सांगितली. "इथं भेटलं तं तिकडं कशाले येईल ते," त्या म्हणाल्या. नत्थूजींनी हे ऐकून मान हलवली, आणि दोन दिवसांनी आपल्याही पट्ट्यावर ज्वारी फेकली.

जनावरं नेमकी कशाला बिचकतात, यावर शिवारात दोन मतं आहेत. अंजनाबाईंचं मत असं की शब्दांना. देवराव बॉयलरचे माणूस. ते दर शनिवारी अंजनाबाई गाडीत बसल्या की शिडी घेऊन भोंगा एका बाभळीवरून उतरवतात आणि दुसऱ्या बाभळीवर नेऊन टांगतात, कधी विहिरीकडे, कधी नाल्याकडे, म्हणजे आवाज रोज जिथून येतो तिथून येत नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. सांगायची गरज पडली नाही.

दसऱ्याच्या आदल्या शनिवारी अंजनाबाईंनी पुन्हा मोजलं. दोनदा. दोनशे. त्यांनी आकडा पिशवीतल्या डायरीत लिहिला.

"पुढच्या दसऱ्याले पाहू," त्या म्हणाल्या. "एकही कमी झालं तं विकाचं."

"कबूल," देवराव म्हणाले आणि दुसरी भाकर घेतली.

आता त्यांची एकच अडचण आहे. दर आठवड्याला अंजनाबाईंना बोलायला काही तरी नवं लागतं, आणि देवराव हा मुळात व्यवस्थित माणूस. टॉवेल ते आता दोरीवर वाळत घालतात, गोळी वेळेवर घेतात, सिलेंडर प्रशिकच्या मोबाइलवरून आपोआप बुक होतं. त्यामुळं शुक्रवार आला की त्यांना काळजी लागते. मागच्या शुक्रवारी ते वावरातल्या खोपटातच मुक्कामाला राहिले आणि खाटेवर बसून त्यांनी बराच वेळ विचार केला. मग उठून पंपाची किल्ली मिठाच्या डब्यात टाकली, नवी कोरी चप्पल बाहेर दवात ठेवली, आणि शनिवारच्या पहिल्या गाडीची वाट बघत स्वस्थ झोपले.